सगळ्यांचे बाबा डॉक्टर

रंजूच्या मुलीचा, ईशाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. "मावशी, एक एसे आहे, तुम्ही एकदा बघून द्या ना. आजच पाठवायचाय," ती म्हणाली. रंजू माझी शाळेतली मैत्रीण. अजून आमच्या जुन्याच भागात राहते, मिलच्या मागे. चाळ पाडून जे फ्लॅट झाले त्यातल्या एकात. मी कॉलेजातून सिमरोलच्या रस्त्याने इंदूर शहरात आले, गाडी मोठ्या रस्त्याला लावली आणि गल्लीतून पायी निघाले. गाडी आत नेता आली असती. नेली असती तर बरं झालं असतं.

गल्लीच्या तोंडाशी आमची शाळा आहे. फाटक तेच. वर फ्लेक्स लागलाय, त्यावर ब्लेझर घातलेली गोरीगोमटी मुलं हसतायत. ती मुलं आमच्या गल्लीतली नाहीत, इंदूरमधलीही नसावीत. खाली मोठ्या अक्षरात इंग्लिश मीडियम. मी दोन मिनिटं उभी राहिले आणि मला काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. मग लक्षात आलं, वासच नाही.

या गल्लीला पूर्वी वास होता. सुताला लावायच्या खळीचा, आंबूस आणि ओला. त्यात मशीनच्या तेलाचा. आणि सकाळी त्या दोन्हींवर तरंगणारा जिलेबीचा. पहिल्या पाळीची माणसं भोंग्याच्या आधी उभ्याउभ्या पोहे खायची, वर शेव आणि जीरावन मसाला भुरभुरून. रात्रपाळीची माणसं समोरून यायची, केसांत, भुवयांवर, मिशांवर कापसाची रुई बसलेली. लहानपणी मला वाटायचं, माणसं रात्री म्हातारी होतात आणि दुपारी झोपून उठली की पुन्हा काळ्या केसांची होतात. थंडीत गराडूचे कंद तळल्याचा चुरचुर आवाज, उन्हाळ्यात गच्च्यांवर शिंपडलेल्या पाण्याची वाफ, आणि वर्षभर, सगळ्याच्या खाली, मागांचा तो अखंड खडखडाट. तो आम्हाला ऐकूच यायचा नाही. पाहुणे यायचे आणि विचारायचे, "हा कसला आवाज?" तेव्हा आम्ही विचारायचो, "कोणता?"

नव्वदच्या सुमाराला एका होळीनंतर तो आवाज थांबला, तेव्हा तो होता हे आम्हाला कळलं.

मिल का बंद पडली याबद्दल मोठी माणसं सारखी बोलत. युनियन, मालक, सरकार, दिल्ली. मला त्यातलं काही आठवत नाही. मला आठवतात ते दिवसाउजेडी घरात असलेले बाप. आमच्या दीड खोलीत दुपारच्या वेळी बाप कुठे ठेवायचा हे कुणाच्याच आईला ठाऊक नव्हतं. माझे बाबा मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. ते आता दिवसभर स्टुलांचे पाय ठोकत, न बिघडलेला रेडिओ उघडत. गल्लीत आम्ही मुली एकमेकींना विचारायचो, "तुझे बाबा?" उत्तर ठरलेलं असायचं, "बसलेत." आमच्या इंदुरी मराठीत, हिंदीतसुद्धा, या शब्दात सगळं येतं. नोकरी गेली, वाट बघणं चालू आहे, आणि त्याबद्दल अजून काही विचारू नका.

शाळा मराठी होती. इंग्रजी आम्हाला सहावीत भेटली, आणि तीसुद्धा पागनीस बाईंच्या हातून भेटली हे नशीब. बाई रामबागेतून सायकलवर यायच्या. सुती साडी, पदर खोचलेला, मागच्या कॅरिअरला पुस्तकं दोरीने बांधलेली. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांच्या घरी तीन पिढ्या इंग्रजी पुस्तकं होती, असं आम्ही ऐकून होतो. बाई कधी ते दाखवत नसत. पण त्या इंग्रजी बोलत तेव्हा कुठे अडखळत नसत, एवढं आम्हालाही कळे.

शुक्रवारचे शेवटचे दोन तास लिहिण्याचे. बाई फळ्यावर विषय लिहीत नसत. त्या विचारायच्या, "या आठवड्यात काय बघितलंत?" कुणी सांगायचं, कुत्रीला पिल्लं झाली. कुणी सांगायचं, गेटवर पोलीस आले होते. आधी तोंडाने सांगायचं, मराठीत, हिंदीत, कशातही. मग तेच इंग्रजीत लिहायचं, जेवढी येते तेवढ्या इंग्रजीत.

"बाई, शब्द येत नाही," आम्ही म्हणायचो.

"मग आपला टाक आणि पुढे चल. गाडी नको थांबवू. शब्द नंतर शोधू."

आमच्या त्या इंग्रजीत पोहे होते, दारापुढचा ओटला होता, मिलच्या फाटकावरची गेटसभा होती. वाक्यं लंगडत होती. बाई तपासताना लाल पेन वापरत नसत, पेन्सिल वापरत. चूक असेल तिथे हलकी रेघ. आणि एखादं वाक्य आवडलं तर त्याच्यापुढे छोटंसं टिंब. त्या टिंबासाठी आम्ही जीव टाकायचो. रंजूच्या पानावर टिंबं सगळ्यात जास्त असायची. रंजू म्हणजे रंजना, माझ्या शेजारी बसणारी, वायरमनची मुलगी, बोलायला फटकळ. लिहायला लागली की मात्र जिभेचं टोक बाहेर काढून अशी शांत व्हायची की मला तिची भीती वाटे.

मिल बंद पडली त्या वर्षी, आम्ही आठवीत असताना, भाद्रपदात झांकी निघेल की नाही यावर गल्लीत वाद झाले. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात मिलच्या झांक्या निघतात. ट्रकवर उभारलेले देखावे, फिरणारी चक्रं, हजारो दिवे, आणि सगळं शहर रस्त्यावर. मिल चालू असताना ती कामगारांची दिवाळीच होती. आता मिलच बंद. काही जण म्हणाले, पोटाला नाही आणि झांकी कसली. पण शेवटी निघाली. बंद फाटकाच्या आत, पडक्या शेडमध्ये, बसलेली माणसं पुन्हा उभी राहिली. महिनाभर करवतीचा आवाज, रंगाचा वास, चहाच्या किटल्या. रंजूचे बाबा, नामदेवकाका, दिव्यांचं सगळं काम बघत होते. आम्ही शाळेतून येताना फटीतून डोकावायचो, काका शिडीवर असायचे, तोंडात स्क्रू धरलेले, आणि ओरडायचे, "चलो बच्चो, भागो यहां से!" कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज मोठा झालेला ऐकला होता.

झांकीनंतरच्या शुक्रवारी रंजूने जे लिहिलं ते बाईंनी वर्गात मोठ्याने वाचलं. मला ते अजून पाठ आहे. "माय फादर इज सिटिंग सिन्स होली. ऑन झांकी नाइट ही स्टुड ऑन द ट्रक. ऑल लाइट्स वेअर हिज."

बाईंनी वाचून पान खाली ठेवलं. मग खिडकीकडे जाऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या.

"यात चूक आहे," त्या वळून म्हणाल्या. "कुठे आहे ते मी रंजनाला सांगेन. पण आज नाही सांगणार."

त्याच हिवाळ्यात शाळेत चौधरी सर आले. शहरात तेव्हा दर चौकात इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास उघडत होते. भिंतीभिंतीवर पाट्या, स्कूटरच्या मागे पाट्या. टीव्हीवर नवे चॅनल, दुकानांत नवे साबण, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट, आता इंग्लिशशिवाय काही खरं नाही. शाळेच्या सचिवांनी ठरवलं की नववीपासून निवडक मुलांची एक इंग्रजी माध्यमाची तुकडी काढायची. चौधरी सर असाच एक क्लास चालवत. त्यांना तुकडी उभी करायला बोलावलं. उंच, सडपातळ, गळ्यात टाय. माझ्या आयुष्यात मी जवळून बघितलेला तो पहिला टाय. सरांनी निबंधांचं एक पुस्तक लावलं. त्यातले निबंध पाठ करायचे. 'माय फॅमिली', 'अ व्हिजिट टु अ हिल स्टेशन', 'माय हॉबी'. 'माय फॅमिली'मध्ये वडील डॉक्टर होते. ते गरिबांवर मोफत उपचार करत. आई गृहिणी होती आणि स्वादिष्ट भोजन बनवत असे. घराच्या पुढे बाग होती.

सकाळी प्रार्थनेआधी पटांगणात मुलं चकरा मारत पाठ करायची. मिल बंद पडलेल्या त्या गल्लीत, थंडीत तोंडातून वाफ काढत, एकामागून एक पोरं म्हणत होती, "माय फादर इज अ डॉक्टर." आणि फाटकाबाहेर, ऊन खात, त्यांचे बाप बसलेले होते.

माझ्या बाबांना सर आवडले. बाबांची इंग्रजी टाइम ऑफिसातली, रजा मंजूर आणि गैरहजर एवढीच. पण तेवढ्या इंग्रजीने त्यांना मागांच्या धुळीतून खुर्चीवर नेलं होतं, आणि ते त्यांना कधी विसरता आलं नाही. "पागनीस बाई चांगल्या आहेत," ते म्हणाले, "पण त्यांचं काय, त्यांना इंग्लिश घरातच मिळाली. आपल्याला दारातून आत जायचंय. दारात काय बोलायचं ते आधी पाठ पाहिजे." रोज संध्याकाळी ते माझ्याकडून 'दिवाली' हा निबंध म्हणून घेत. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. स्टुलावर बसून, डोळे मिटून ऐकायचे. त्या तासापुरते ते बसलेले नसायचे, कामावर असायचे.

थंडी सरता सरता, होळीच्या आधी, निवडीची परीक्षा झाली. निबंधाचा विषय, मला सर्वांत आवडणारा सण. मी दिवाळी लिहिली, कणभरही चूक न करता. रंजूने झांकी लिहिली. शुक्रवारचंच, पण आणखी वाढवून. कुठला बल्ब आधी लागला, चक्र कसं अडकलं, काकांनी चालत्या ट्रकवर ते कसं सोडवलं, राजवाड्यापाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनी खिशातून कंगवा काढून केस कसे नीट केले.

माझं नाव यादीत आलं. रंजूचं नाही आलं. तिला पेपर परत मिळाला तो लाल झालेला. 'झांकी'भोवती वर्तुळ, 'ट्रक'भोवती वर्तुळ, 'सिटिंग'भोवती तर पेन रुतून कागद फाटला होता. खाली शेरा, विषयाला धरून नाही.

रंजू तो पेपर घेऊन सरळ बाईंकडे गेली, बाई तो घेऊन सरळ सचिवांच्या खोलीत गेल्या, आणि रंजूला बोलावणं आलं तेव्हा ती माझा हात धरून मलाही घेऊन गेली. आत सचिव होते, चौधरी सर होते. बाई बसल्या नव्हत्या.

"विषय सण आहे. मुलीने सण लिहिलाय," बाई म्हणाल्या. "विषयाला धरून कसं नाही?"

"बाई, तुम्ही भाषा बघा ना," सचिव म्हणाले. "काय आहे हे? फादर इज सिटिंग. मतलब काय त्याचा?"

"तुम्हाला कळला नाही मतलब?"

सचिव इंदूरचेच होते. त्यांना कळला होता. ते कागद सारखे करायला लागले.

मग चौधरी सर बोलले. त्यांचा आवाज चढला नाही. "मॅडम, ग़लत तो है ना? आप ही बताइए."

"व्याकरण चुकलंय. ते मी एका दिवसात नीट करीन. पण तुम्ही व्याकरण नाही खोडलेलं, तुम्ही तिचे वडील खोडलेत."

सरांनी टायची गाठ जरा सैल केली. "मैं हातोद का हूं, मॅडम. मंडी में हम्माली करते थे मेरे पिताजी. मैंने भी लिखा है, माय फादर इज अ डॉक्टर. रट-रट के लिखा. अगर कोई मुझे बोलता कि बेटा, तू मंडी पे लिख, बोरी पे लिख, तो मैं आज भी वहीं बोरी गिन रहा होता. आपके घर में तो अंग्रेज़ी थी. आप गलती कर लेंगी तो लोग कहेंगे, स्टाइल है. ये गलती करेगी तो लोग कहेंगे, मिल वाली है."

बाईंचा चेहरा मी बघत होते. मला वाटत होतं, आता त्या काहीतरी असं बोलतील की सर गप्प होतील. आज, इतकी वर्षं हाच विषय शिकवून, परिषदांतून हीच भांडणं दोन्ही बाजूंनी ऐकून, मला अजून ते वाक्य सापडलेलं नाही जे बाईंनी तेव्हा बोलायला हवं होतं. सर खोटं बोलत नव्हते. बाईही चुकत नव्हत्या. आणि त्या दोघांच्या मध्ये रंजू उभी होती, तिला कुणी काही विचारत नव्हतं.

"मी हे पुस्तक शिकवणार नाही," बाई शेवटी म्हणाल्या.

"मग कसं करायचं, बाई?" सचिव म्हणाले, खरंच अडचणीत पडल्यासारखे. "आईबापांना तेच पाहिजे. तेच मागतायत. मी काय त्यांना सांगू, तुमच्या पोरांना झांकी शिकवतो?"

जुलैमध्ये शाळा उघडली तेव्हा बाई प्राथमिकला गेल्या होत्या. पहिलीला, अंक आणि फळांची नावं शिकवायला. सायकल तीच, दोरी तीच, पण मागे पुस्तकं नसायची. आमचा शुक्रवार गेला. इंग्रजी तुकडीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता, तिथे मराठी बोललं तर दंड असे, आणि आम्ही सगळे दिवसभर गप्प असायचो, कारण दुसरं काही बोलताच येत नव्हतं. सरांना ती शिस्त वाटायची.

रंजू खाली मराठी वर्गात राहिली. दहावीच्या वर्षी, हिवाळ्यातल्या एका शनिवारी, ती मला म्हणाली, "चल, बाईंकडे जायचंय." पहिलीच्या खोलीत मुलं सुटली होती. बाई इवल्याशा बाकावर गुडघे वर घेऊन बसल्या होत्या, खडूने हात पांढरे. भिंतीवर आंबा, केळं, द्राक्षं.

"बाई, मला निबंध पाठ करायचाय," रंजू म्हणाली. "बोर्डात हाच येतो. म्हणून घ्या."

"रंजना, तू स्वतः लिहू शकतेस."

"मला माहितीये. पण मला पास व्हायचंय, बाई. घरात कुणीतरी कामाला लागलं पाहिजे ना."

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. तेच पुस्तक, जे शिकवणार नाही म्हणाल्या होत्या. रंजू हात मागे बांधून उभी राहिली आणि सुरू झाली. माय फादर इज अ डॉक्टर. ही ट्रीट्स द पुअर फ्री ऑफ कॉस्ट. बाई एकेक ओळीवर बोट ठेवत होत्या. एका ठिकाणी ती अडली, बाईंनी शब्द दिला. एका ठिकाणी उच्चार चुकला, बाईंनी तो दोनदा म्हणून दाखवला, तिच्याकडून म्हणवून घेतला. संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छान. एकही चूक नाही." त्यांचा आवाज कोरडा होता. रंजू एकदम हसली. "बाई, माझे बाबा तर पेशंट आहेत," ती म्हणाली, आणि हसतच राहिली. काकांचा खोकला तोवर खूप वाढला होता. बाई हसल्या नाहीत. त्यांनी रंजूच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या काळ्या केसांवर खडूची पांढरी बोटं उमटली, आणि ती तशीच घरी गेली.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढे खाजगी दवाखान्यात काउंटरवर लागली, आणि इतकी वर्षं तिथेच आहे. आता सगळ्या काउंटरची प्रमुख. फाडफाड इंग्रजी बोलते. काका गेले. बाई निवृत्त होऊन महूला बहिणीकडे राहायला गेल्या. आम्ही दोघी एकदा भेटायला गेलो होतो, त्यांनी आम्हाला गार शिकंजी प्यायला दिली, रंजूच्या नोकरीचं कौतुक केलं आणि शाळेबद्दल काहीही बोलल्या नाहीत. मग त्याही गेल्या.

आणि मी इंग्रजी लेखन शिकवते. भावी इंजिनिअरांना. माझ्याकडे एक तक्ता आहे, वरून आलेला; मांडणीला इतके गुण, जोडशब्दांना इतके, शुद्धतेला इतके. सांवेर, देपालपूर, हातोदची मुलं येतात आणि दर वाक्याला 'मोरओव्हर' लावतात, कारण मोरओव्हरला गुण आहेत. मागच्या सत्रात एकाने गावच्या विहिरीबद्दल लिहिलं होतं, मोडकंतोडकं, पण वाचताना पाण्याचा गारवा लागला. मी त्याला भरपूर गुण दिले. विभागप्रमुखांनी बोलावून विचारलं, "मॅडम, हे कोणत्या रकान्यातले?" मी चिडले, बोलले, बाहेर आले आणि गुण कमी करून सही केली. कारण प्लेसमेंटला येणारे लोक विहीर वाचत नाहीत, आणि त्या मुलाला नोकरी हवीय, हे मलाही माहीत आहे. रोज तीच चीड येते. तिला जायला जागा नाही.

गल्ली संपली. जिना चढून मी रंजूकडे पोचले. ईशाने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. तिला बाहेरच्या देशात शिकायला जायचंय. अर्जासोबत स्वतःबद्दल एक निबंध जोडावा लागतो. विजयनगरला एक काउन्सेलर आहे, तो या मुलांकडून ते करून घेतो.

"त्यांनी सांगितलं, स्ट्रगल पाहिजे," ईशा म्हणाली. "फॅमिलीत काही तरी रिअल स्ट्रगल. मी म्हटलं, माझे नाना मिलमध्ये होते, मिल बंद झाली. तर ते एकदम खूश! बोलले, परफेक्ट, हेच टाका."

मी वाचलं. इंग्रजी स्वच्छ, वाहती. आजोबा अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे बघत बसलेले. खचलेला माणूस. त्यांचे मूक अश्रू. ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज होण्याची नातीची शपथ.

रंजू माझ्या खांद्यावरून वाचत होती. दवाखान्याचा गणवेश अजून अंगावर होता. "हे कोण?" तिने विचारलं.

"नाना," ईशा म्हणाली.

"नाना असे कधी होते?"

"मम्मा, मी कुठे बघितलं त्यांना? सरांनी थोडं एडिट केलंय."

"काय गं," रंजू मला म्हणाली, "बरोबर आहे का हे?"

"इंग्रजी बरोबर आहे," मी म्हटलं.

"ते नाही विचारलं मी."

ईशा वैतागली, पण चांगली मुलगी आहे ती. तिने ड्रॉवरमधून कागद काढला, पेन काढलं, आणि आईपुढे सरकवलं. "मग तू लिही ना. जसं होतं तसं. चार लाइनी लिही, मी टाकते. खरंच टाकते."

रंजू खुर्चीवर बसली. पेन धरलं. एक ओळ लिहिली आणि खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. मी बघत होते. जीभ बाहेर आली नाही, ओठ घट्ट मिटलेले. पंखा फिरत होता, कागद उडू नये म्हणून ईशाने कोपऱ्यावर बोट ठेवलं होतं.

"इंग्लिशमध्ये घेतलं की काउंटरवरचं येतं," रंजू म्हणाली. "काइंडली, प्लीज, प्लीज बी सीटेड. मराठीत घेतलं तर शाळेतलं येतं, सूर्य उगवला, पक्षी किलबिलले. आणि हिंदीत तर अपन कधी लिहिलंच नाही." तिला रडू येत नव्हतं. किल्ल्या सापडत नसल्या की माणूस चिडतं, तशी ती चिडली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "मला येत होतं ना गं काहीतरी?"

"येत होतं."

"मग?"

मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही. हाच माझा विषय आहे, यावरच माझा पगार चालतो, आणि मला येत नाही.

"मम्मा, पोर्टल बंद होतंय," ईशा हळूच म्हणाली.

रंजूने पेनला टोपण लावलं. "पाठव," ती म्हणाली. "आहे ते पाठव."

ईशाने बटण दाबलं. मग आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या पाया पडली. रंजूने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "बस, ॲडमिशन झालं पाहिजे." मीही म्हटलं, "होईल, नक्की होईल." आणि ते मी उगाच म्हटलं नाही. मला खरंच तसंच हवं होतं.